पाल्य, पालक आणि पाठशाळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, सर्वसाधारण सभेपूर्वी, एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी आज आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे काढले, एवढीच आमची योग्यता. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. एका म्हाताऱ्या शिक्षकाचे अनुभवाचे चार शब्द म्हणून ते ऐकून घ्यावेत, अशी प्रारंभीच विनंती आहे.

सायंकाळच्या सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. त्याचा आशय आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या समाजातील मुलांना, विशेषेकरून मुलींना, शाळेत शरीरधर्मासंबंधी जे पाठ दिले जातात त्यांतून वगळावे. शाळेने असा कोणताही विषय शिकविण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. आणि ज्ञातीच्या वतीने तशी पत्रे शाळांना पाठवावीत. ठराव मांडणारे बंधू आमच्या घरोब्याचे आहेत. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. मुलांचे कल्याण व्हावे, हीच त्यांची तळमळ आहे. तथापि या ठरावाच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. सार्वजनिक शाळेत मुलाला काय शिकवावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आईबापांचा, सरकारचा, शिक्षकाचा की आणखी कोणाचा? मत देण्यापूर्वी या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रथम पालकांची बाजू पाहू. ती लंगडी नाही. ज्या आईने नऊ महिने पोटात वाहिले, ज्या बापाने पोटाला चिमटा घेऊन वाढविले, त्यांनी मूल शाळेच्या दारात सोडले म्हणजे त्याच्यावरील हक्क सोडला, असे होत नाही. हे जगानेही मान्य केले आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या सव्विसाव्या कलमात आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे निवडण्याचा अग्रहक्क आईबापांना दिला आहे. आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलमही याच जातीचे आहे. जी संस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तीत धर्मोपदेश देता येत नाही. आणि ज्या शाळेला सरकारची मान्यता वा अनुदान आहे, तीतही अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धर्मोपदेशास वा उपासनेस बसविता येत नाही. १९८६ साली केरळातील तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. राष्ट्रगीत चालू असता ती मुले आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. २०१४ साली त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेचे माध्यमदेखील सरकार सक्तीने लादू शकत नाही. ती निवड मुलाची आणि त्याच्या वतीने आईबापांची आहे. मातृभाषेतूनच शिकावे, असे आमचे स्वतःचे मत जन्मभर राहिले आहे. तरीही निवडीचा हक्क कोणाचा, हा प्रश्न वेगळा आहे, हे आम्ही जाणतो.

आणि पालकांनी आवाज उठविला म्हणजे काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले. १६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. सहा वर्षांच्या लेकराला अजून आपल्या भाषेतील जोडाक्षरे लिहिता येत नाहीत, त्याच्या पाठीवर तिसऱ्या भाषेचे ओझे कशासाठी, असा प्रश्न पालक, शिक्षक, साहित्यिक सर्वांनी विचारला. १७ जूनला निर्णयाची भाषा थोडी सौम्य झाली, परंतु लोकांचे समाधान झाले नाही. अखेर २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पहिलीचा वर्ग आम्ही अनेक वर्षे शिकविला आहे. त्या पालकांचे म्हणणे बरोबर होते, असे आमचा अनुभव सांगतो.

दुसरे उदाहरण आमच्या नोकरीच्या प्रारंभीच्या काळातील आहे. एके दिवशी एक गृहस्थ शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आत या म्हटले तरी आत येईनात. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, वर्गात चाळीस पोरं आहेत. मग झाडू रोज माझ्याच पोराच्या हातात का?" आम्ही हजेरीपटाकडे पाहिले, मुलाचे आडनाव पाहिले आणि आमची मान खाली गेली. ती प्रथा आम्ही घातलेली नव्हती. पण रोज डोळ्यांसमोर चालू असता आम्हांस ती दिसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून झाडलोटीची पाळी हजेरीच्या क्रमाने लागली. बंधूंनो, त्या मुलाला शाळा काय शिकवीत होती हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नव्हते. ते फक्त त्याच्या बापाला वाचता आले. शाळेत काय शिकवले जाते याकडे पालकाची नजर असली पाहिजे, ती याचसाठी.

म्हणून पालकांनी शाळेच्या कारभारात नाक खुपसू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. हा अधिकार आहे. प्रश्न त्याच्या मर्यादेचा आहे. ती मर्यादा समजण्यासाठी आपल्याच घराच्या इतिहासात थोडे मागे गेले पाहिजे.

आपली ज्ञाती विणकराची. आमचे वडील हातमागावर बसत. आम्ही नऊ वर्षांचे असता त्यांनी आम्हांस शाळेतून काढले आणि कांड्या भरावयास बसविले. वडील दुष्ट नव्हते. घरात खाणारी तोंडे सात होती आणि कांड्या भरावयास मजूर ठेवण्याची ऐपत नव्हती. मुलाने बापाचा धंदा शिकावा, यात त्यांना काही वावगेही वाटत नव्हते. आमचे एक गुरुजी सलग तीन संध्याकाळी घरी आले. पहिल्या दिवशी वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरगं माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी बघीन." तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "पोरगं तुमचंच आहे हो, पण त्याचा जन्म त्याचा आहे." वडिलांनी धोटा खाली ठेवला आणि बराच वेळ ते बोलले नाहीत. सोमवारी आम्ही पुन्हा शाळेत गेलो. १९७६ साली मॅट्रिक झालो, ते त्या एका वाक्याच्या बळावर.

हा झगडा आमच्या घरापुरता नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हे. महाराजांना रयतेची कणव नव्हती असे कोण म्हणेल? परंतु बापाच्या हक्कापुढे मुलाचा हक्क उभा राहिला तेव्हा त्यांनी मुलाची बाजू घेतली. त्यापूर्वी १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळापुढे मांडले होते. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. देशाला या कामी फार काळ थांबावे लागले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्याच घटनादुरुस्तीने आईबापांच्या पदरात मूलभूत कर्तव्य घातले आहे. आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे, हे ते कर्तव्य. हक्क बालकाचा आणि कर्तव्य पालकाचे, अशी ही वाटणी आहे.

आता कोणी म्हणेल की मुलाला शाळेतच न पाठविणे वेगळे आणि शाळेत पाठवून एखादा पाठ वगळणे वेगळे. आमच्या एका तरुण आप्तांनी अमेरिकेतून पत्र लिहून हाच मुद्दा मांडला आहे. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेरीलंड राज्यातील काही पालकांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या धर्मश्रद्धेशी विसंगत वाटणाऱ्या गोष्टींची पुस्तके वर्गात वाचावयाची असतील तर शाळेने आधी कळवावे आणि मुलाला त्या तासापुरते बाहेर ठेवण्याची मुभा द्यावी, असे ते पालक मागत होते. मग ही मुभा आपल्याकडे का नसावी, असा आमच्या आप्तांचा प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना आम्ही त्याच देशातील एका जुन्या खटल्याची आठवण देऊ इच्छितो. विस्कॉन्सिन राज्यात आमिश नावाच्या पंथाचे लोक राहतात. शेती करावी, हाताने कष्ट करावेत, जुन्या चालीने राहावे, असा त्यांचा धर्म. मुलांना आठवीपर्यंत ते शाळेत पाठवीत. पुढे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना घरच्या कामाला लावीत. राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत शाळेत पाठवा म्हणून सांगत होता. तीन पित्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ साली पिते जिंकले. बंधूंनो, मागावर बसणाऱ्या बापांच्या मुलांना ही कथा परकी वाटू नये. परंतु त्या निर्णयात न्यायमूर्ती डग्लस यांनी आपले वेगळे मत नोंदविले, तेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. येथे पिते बोलले, राज्य बोलले, परंतु ज्यांच्या साऱ्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्या मुलांना कोणी विचारले काय? एका मुलीची साक्ष झाली होती, तेवढ्यापुरते ते इतरांशी सहमत झाले. उरलेल्यांना विचारलेच नव्हते. मुलाला उद्या वादक व्हावेसे वाटेल, अंतराळवीर व्हावेसे वाटेल, ती दारे आजच त्याच्या वतीने बंद करावीत काय, अशी त्यांची चिंता होती.

आमच्या मते सारा विचार येथे येऊन ठेपतो. पालक आणि शाळा यांच्या भांडणात एक तिसरा पक्ष असतो आणि तोच मुका असतो. पालकाचा अधिकार खरा आहे, पण तो शेताच्या मालकासारखा नाही. विश्वस्तासारखा आहे. आपल्या मंडळाचे विश्वस्त येथे बसले आहेत. वसतिगृहाची इमारत त्यांच्या स्वाधीन आहे. ते तिची देखभाल करतील, वाईट माणसाला आत येऊ देणार नाहीत, पै-पैचा हिशेब मागतील. परंतु ती विकून खाण्याचा हक्क त्यांना नाही, कारण ती पुढच्या पिढीची आहे. मुलाचे ज्ञानही तसेच होय.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते एकतीस वर्षांहून अधिक काळ कोणाजवळ बोललो नाही.

१९९४ साली आम्ही एका खेड्यातील सातवीपर्यंतच्या शाळेत होतो आणि मुख्याध्यापकाचा प्रभार आमच्याकडे होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका बाई एका शनिवारी येऊन सहावी-सातवीच्या मुलींना चार गोष्टी सांगणार होत्या. मासिक धर्म म्हणजे काय, त्या दिवसांत स्वच्छता कशी राखावी, घाबरू का नये, एवढाच विषय. शुक्रवारी रात्री गावातील चार पालक आमच्याकडे आले. चौघेही आपल्याच ज्ञातीचे, वयाने वडील. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आपले म्हणून सांगतो. पोरी अजून अजाण आहेत. असलं काही त्यांच्या कानांवर पडायला नको." आम्ही आढेवेढे घेतले नाहीत. आपल्या माणसांत वाईटपणा कशाला, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या आणि आम्ही त्या चार घरच्या पाच मुलींना सुटी देऊन घरी पाठविले.

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. सातवीच्या वर्गावर गणिताचा तास चालू होता. त्या पाच मुलींतील एक हुशार मुलगी उदाहरण सोडविण्यास फळ्याकडे गेली. पाठमोरी उभी राहिली आणि मागच्या बाकावरील मुले हसू लागली. तिने वळून पाहिले, मग स्वतःच्या परकराकडे पाहिले. हातातला खडू तिने फळ्याखालच्या फळीवर नीट ठेवला आणि ती पळत सुटली. दप्तर तसेच राहिले. ती नऊ दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा भिंतीकडच्या बाकावर बसू लागली आणि वर्षअखेरपर्यंत पुन्हा फळ्याकडे गेली नाही. सातवी झाली आणि तिचे शिक्षण थांबले. पुढची शाळा पाच किलोमीटर दूर होती आणि घरी धाकटी भावंडे होती. तेव्हा त्या एकाच दिवसामुळे तिची शाळा सुटली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसाचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे म्हणण्याचे धैर्यही आमच्याजवळ नाही.

२०२२ साली याच संमेलनात, गुणगौरवाच्या वेळी, एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्या पाया पडावयास आल्या. मुलीला दहावीत उत्तम गुण मिळाले होते. आम्ही ओळखले नाही. त्यांनी नाव सांगितले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्या सहज म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिवशी मला वाटलं, मी आता मरणार. घरी सांगायचंही भय वाटलं. हिला मात्र मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं." आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या दवाखान्याच्या बाई आल्या होत्या, तेव्हा आम्हाला घरी का पाठवलं होतं हो?"

त्यांच्या स्वरात दोष नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते. आम्ही काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. त्या प्रश्नाचे उत्तर आज, आपणां सर्वांसमक्ष देत आहोत. बाळे, तुझ्या वडिलांनी आपला हक्क बजावला, आम्ही तो मानला, आणि तुला कोणीच विचारले नाही.

आपल्याकडे मुलगी वयात आली म्हणजे ती "शहाणी झाली" असे म्हणण्याची रीत आहे. पूर्वजांनी शब्द मोठा सुंदर योजिला. आम्ही शब्द ठेवला आणि शहाणपण मात्र तिला दिले नाही. वास्तविक हे शहाणपण देण्याचा पहिला मान आईचा. पण ज्या घरी आईलाच कोणी कधी सांगितले नाही, ती मुलीला काय सांगणार? त्या घरच्या मुलीसाठी शाळा हीच दुसरी आई.

आणखी एक गोष्ट बोलण्यास कठीण आहे, तरी बोलली पाहिजे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली देशात कडक कायदा झाला. कायदा झाला तरी तक्रार मुलाच्या तोंडून यावी लागते. ज्या अवयवांचे नाव उच्चारावयासही आपण मुलाला बंदी केली, त्यांना कोणी हात लावला तर ते मूल कोणत्या शब्दांत सांगेल? आपण ज्याला लाज म्हणून जपतो, त्याचा आडोसा दुर्जनाला होतो. हे मुलींइतकेच मुलांनाही लागू आहे. त्या दिवशी जी मुले मागच्या बाकावर हसली, त्यांनाही कोणी काही शिकविले नव्हते. त्यांचा तरी काय दोष?

हे पाठ जसे शिकविले जातील तसे आम्हांस मान्य आहेत, असा याचा अर्थ नाही. भाषा सभ्य असावी, चित्रे वयाला शोभणारी असावीत, मुलींना स्त्री-शिक्षिकेने सांगावे, या अपेक्षा योग्यच आहेत. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी पौगंडावस्थेच्या शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला, तेव्हा आक्षेप मुख्यतः साहित्याच्या स्वरूपावर होते. साहित्य सुधारावे, ही मागणी समजण्यासारखी होती. पण तण उपटताना रोपही उपटले गेले.

मग आमच्या आप्तांच्या प्रश्नाचे उत्तर काय? तेथील निर्णय धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर उभा आहे. धर्मोपदेशापुरता तो हक्क आपल्या घटनेने पालकाला आधीच दिलेला आहे, आणि तो कोणी हिरावू पाहील तर आम्ही आपल्याबरोबर उभे राहू. परंतु धर्मोपदेश आणि ज्ञान यांत भेद आहे. २००२ साली शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरील खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही धर्मोपदेश वेगळा आणि निरनिराळ्या धर्मांविषयीची माहिती वेगळी, असाच विवेक केला. शरीर कसे चालते, ग्रहण कशाने लागते, आपल्या समाजात पूर्वी अस्पृश्यता होती, ही माहिती कोणत्याही घराच्या श्रद्धेवर घाला नव्हे. ती ऐकून मुलाने काय मानावे, हे सांगण्यास आईबाप रोज संध्याकाळी घरी आहेतच.

ठरावातील "ज्ञातीच्या वतीने" या शब्दांविषयीही बोलले पाहिजे. पालकाचा हक्क हा पालकाचा आहे. ज्ञातीचा नव्हे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा ज्या थोड्या आईबापांनी मुली धाडल्या, त्यांनी पालकाचा हक्कच बजावला होता. तो कोणाविरुद्ध? ज्ञातीविरुद्ध, गावाविरुद्ध. खुद्द जोतिरावांच्या वडिलांनी लोकांच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. त्या वेळी ज्ञातींनी एकमुखाने पत्रे काढली असती, तर ती कोणत्या बाजूची असती, हे सांगावयास नको. आज आपले मंडळ वसतिगृह चालविते, शिष्यवृत्त्या देते, ही आपली शोभा आहे. चाळीस घरांनी सही केली म्हणून एकेचाळिसाव्या घराच्या मुलीला वर्गाबाहेर बसावे लागले, तर ती शोभा राहणार नाही.

कोणी विचारील, पालकांनी मग करावे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आपण करीत नाही, हीच आमची तक्रार आहे. २००९ च्या कायद्याने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेविली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवावी, विकासाचा आराखडा करावा, अनुदान कसे खर्च होते ते पाहावे, हे तिचे काम. अभ्यासक्रम ठरविणे तिच्याकडे नाही, परंतु वर्गात काय चालते हे विचारण्यास तिच्याइतकी चांगली जागा नाही. आम्ही अशा सभा पुष्कळ भरविल्या. बहुतेक खुर्च्या रिकाम्या असत. सह्या मात्र दुसऱ्या दिवशी वही घरोघर फिरवून घ्याव्या लागत.

पाठ्यपुस्तकांचेही तेच. बालभारतीची पुस्तके आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांच्या सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. त्यावर आपल्या मंडळाने एक ओळ तरी पाठविली काय? आम्हीही पाठविली नाही, हे कबूल करतो. दार उघडे होते तेव्हा आपण गेलो नाही. आता मुलीला वर्गाबाहेर काढून आपण हक्क बजावू पाहत आहोत.

म्हणून मूळ ठरावाऐवजी पुढील उपसूचना आम्ही सभेपुढे नम्रपणे ठेवीत आहोत :

१. आपल्या समाजातील प्रत्येक पालकाने शाळा सुरू होताच पाल्याची पुस्तके स्वतः वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी वाचून दाखवावीत.

२. शरीरधर्मासंबंधीचे पाठ देण्यापूर्वी शाळांनी पालकांची, विशेषतः मातांची, सभा घेऊन साहित्य दाखवावे, अशी विनंती मंडळाने शाळांना करावी.

३. धर्मोपदेशाच्या बाबतीत पालकाच्या संमतीचा घटनेने दिलेला हक्क सर्व धर्मांच्या मुलांसाठी जपला जावा.

४. एखाद्या पाठाविषयी हरकत असल्यास ती लेखी स्वरूपात शाळेकडे व अभ्यासक्रम ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांकडे पाठवावी. हरकतीचा निर्णय होईपर्यंत मुलाला मात्र वर्गाबाहेर काढू नये.

५. मंडळाने तीन स्त्रिया व दोन पुरुष यांची एक वाचन-समिती नेमावी. तिने नवे मसुदे व पुस्तके वाचून पालकांना त्यांची माहिती द्यावी. मत मात्र प्रत्येक पालकाने आपले आपण द्यावे.

बंधुभगिनींनो, आमच्या उपसूचनेचा स्वीकार होवो वा न होवो, मत देताना हात वर करण्यापूर्वी एक क्षण आपल्या घरच्या मुलीकडे पाहावे. ती आज येथेच आहे. मागच्या रांगांत, आईशेजारी बसली आहे. आपण तिच्याविषयी ठराव करीत आहोत आणि तिला बोलण्याचा अधिकार नाही. पंचवीस-तीस वर्षांनी ती आपल्याला एक प्रश्न विचारील. आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही. आपणांस देता यावे, एवढीच इच्छा आहे.